कपाट ऑर्गनचे, स्वर गिटारचा

सतारीचा स्वर कोठून येतो असे कोणी विचारले, तर आपण तारेकडे, घोडीकडे आणि भोपळ्याकडे बोट दाखवू. तार कंप पावते, घोडी तो कंप खाली उतरवते, आणि भोपळ्यातील हवा त्याला भरदारपणा देते. वाद्य म्हणून जे काही आहे ते सारे वादकाच्या जवळच असते. विजेच्या गिटारची गोष्ट निराळी आहे. तिचे अंग बहुधा भरीव लाकडाचे. तिच्यात हवेला जागाच नाही. वीज बंद असताना ती छेडली तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला ती धड ऐकूही जात नाही. तारांखाली बसविलेले चुंबक आणि त्याभोवतीचे वेटोळे तारेच्या कंपाचे क्षीण विद्युत्प्रवाहात रूपांतर करतात. तो प्रवाह ॲम्प्लिफायरकडे जातो, तेथे बळावतो, आणि स्पीकरमधून पुन्हा स्वर होऊन बाहेर पडतो. म्हणजे या वाद्याचा भोपळा वादकापासून दहा हात दूर ठेवलेला असतो. आणि तो बदलता येतो!

ही शेवटची गोष्ट हेच आजच्या विवेचनाचे मूळ होय. गिटारसाठी बनविलेला भोपळा बाजूला सारून कोणी ऑर्गनसाठी बनविलेला भोपळा तिला जोडला तर काय होईल? हा प्रश्न वरवर पाहता कारागिराच्या दुकानातला वाटतो. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला जे उत्तर मिळाले, त्याने पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या श्रवणावर आपला ठसा उमटविला. ते उत्तर कसे मिळाले, हे आपण आज पाहणार आहोत.

प्रथम या दोन जातींच्या ॲम्प्लिफायरमधील भेद ध्यानात घेतला पाहिजे. पट्ट्यांच्या वाद्याचा ॲम्प्लिफायर हा प्रामाणिक दूतासारखा असावा लागतो. मंद्र सप्तकातील घनगंभीर स्वरापासून तार सप्तकातील बारीक स्वरापर्यंत सर्वांचा निरोप त्याने सारख्याच सचोटीने पोहोचवावा, आणि दहाही बोटे एकदम पडली तरी गडबडून जाऊ नये, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. गिटारचा ॲम्प्लिफायर असा दूत नव्हे. तो भाष्यकार आहे. तो मधल्या पट्टीतील स्वर पुढे आणतो, अगदी वरचे स्वर दाबून टाकतो, आणि ताण वाढला म्हणजे त्याच्या व्हॉल्व्हमधून आवाज किंचित फाटून बाहेर येतो. हा फाटकेपणा प्रारंभी दोष समजला जाई. पुढे तोच वादकांना हवासा झाला. तेव्हा गिटार ऑर्गनच्या ॲम्प्लिफायरला जोडणे म्हणजे तिच्या भाष्यकाराला रजा देऊन तिला परक्या घरच्या दूताच्या स्वाधीन करणे होय. मात्र ज्या दूताची ही कथा आहे, तो स्वतःच मोठा विलक्षण निघाला.

आपल्याकडे ऑर्गन म्हटले की संगीत नाटकाच्या रंगमंचापुढे ठेवलेले, पायांनी भाता चालवून वाजविण्याचे वाद्य डोळ्यांपुढे येते. पाश्चात्त्यांच्या मोठ्या चर्चमधला ऑर्गन ही त्याहून फार प्रचंड वस्तू. त्यात लहानमोठ्या शेकडो, कधी हजारो नळ्या असतात. त्या भिंतीच्या भिंती व्यापतात, आणि त्यांची किंमत लहान गावच्या मंडळीला परवडण्यासारखी नसते. हा डोलारा एका मेजाएवढ्या जागेत कसा बसविता येईल, हा विचार अमेरिकेतील लॉरेन्स हॅमंड या यंत्रज्ञाच्या मनात आला. त्याचा धंदा विजेची घड्याळे बनविण्याचा होता. घड्याळ अचूक चालविणारी मोटर त्याच्या हाती होती. त्याच मोटरने त्याने एका दांड्यावर दातेरी चाके फिरविली. प्रत्येक चाकाजवळ एक चुंबक आणि वेटोळे ठेवले. चाकाचे दाते चुंबकापुढून सरकले की वेटोळ्यात प्रवाहाची आंदोलने उठत. दाते किती आणि वेग किती यावर स्वराची उंची ठरे. पुढे सर्वमान्य झालेल्या त्याच्या वाद्यात अशी ९१ चाके असत. १९३४ साली त्याला या कल्पनेचे पेटंट मिळाले आणि १९३५ साली वाद्य लोकांपुढे आले. मोटारीचा कारखानदार हेन्री फोर्ड आणि संगीतकार जॉर्ज गर्श्विन हे त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी होत.

नळ्यांचे ऑर्गन बनविणाऱ्या कारखानदारांना हे रुचले नाही. हॅमंडच्या जाहिरातींविरुद्ध अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगापुढे तक्रार गेली. १९३७ साली शिकागो विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात दोन्ही वाद्ये श्रोत्यांना न दाखविता वाजवून परीक्षाही घेण्यात आली. अखेर १९३८ साली आयोगाचा निर्णय झाला: नळ्यांच्या ऑर्गनमधील सर्व प्रकारचा नाद आपल्या वाद्यातून निघतो असे हॅमंड कंपनीने म्हणू नये. नक्कल केली, पण ती पुरती साधली नाही, असा हा सरकारी शेराच म्हणावयाचा. हा शेरा ध्यानात ठेवावा, कारण पुढील सारी कथा या न साधलेल्या नकलेतूनच उगवली आहे.

याच सुमारास, १९३७ साली, कॅलिफोर्नियात डोनाल्ड लेस्ली नावाच्या तरुणाने हॅमंड ऑर्गन विकत घेतला. दुकानाच्या विस्तीर्ण दालनात तो त्याला भव्य वाटला होता. घरी आणल्यावर मात्र त्याचा स्वर कोरडा, सपाट आणि निर्जीव भासू लागला. ऑर्गन तोच; मग गेले काय? लेस्लीचा तर्क असा झाला की नळ्यांच्या ऑर्गनमध्ये प्रत्येक स्वर निराळ्या जागेवरून येतो. वादक सरगम वाजवितो तेव्हा नाद भिंतीवर जणू इकडून तिकडे धावत असतो. हॅमंडच्या वाद्यात मात्र सारे स्वर एकाच भोकातून बाहेर पडतात. तेव्हा स्वराला हलते केले पाहिजे. त्याने फिरत्या पिंपावर स्पीकर बसवून पाहिले, त्यांची संख्या कमी करीत नेली, आणि शेवटी स्पीकर जागच्या जागी ठेवून त्याच्यापुढे केवळ तोंड फिरविले. १९४० च्या सुमारास त्याचे यंत्र तयार झाले.

फिरत्या टेबलपंख्यापुढे तोंड नेऊन बोलण्याचा खेळ लहानपणी केला नाही असा मनुष्य विरळा. बोलणे थरथरत बाहेर पडते आणि आपण हसतो. लेस्लीच्या यंत्रातला नाद याच कुळातला, पण अधिक गुंतागुंतीचा आहे. आगगाडी शिट्टी वाजवीत आपल्याकडे येते तेव्हा शिट्टीचा स्वर चढा लागतो आणि गाडी पुढे निघून गेली की तो उतरतो. ऑस्ट्रियाच्या क्रिस्तियान डॉप्लरने १८४२ साली या प्रकाराची मीमांसा केली. १८४५ साली हॉलंडमध्ये बाइज बॅलट या शास्त्रज्ञाने धावत्या गाडीत तुतारी वाजविणारे बसवून आणि रुळांच्या कडेला जाणत्या कानांचे संगीतज्ञ उभे करून ती पडताळून पाहिली. लेस्लीचा कर्णा फिरतो तेव्हा त्याचे तोंड श्रोत्याकडे येते आणि दूर जाते. स्वर किंचित चढतो आणि उतरतो. हा फरक एका पट्टीचाही नसतो, परंतु कानाला जाणवतो. त्याच वेळी आवाज लहानमोठा होतो, आणि भिंतींवर आपटून परतणारे नाद त्यात मिसळतात. स्वर एका जागी न राहता खोलीभर संचार करू लागतो.

हे यंत्र एका लाकडी कपाटात बसविलेले असे. त्याच्या प्रसिद्ध नमुन्याची उंची सुमारे साडेतीन फूट आणि वजन ६० किलोहून अधिक. सेकंदाला ८०० कंपनांच्या वरचे स्वर माथ्यावरच्या फिरत्या कर्ण्याकडे जात, आणि त्याखालचे स्वर १५ इंची स्पीकरमधून एका फिरत्या लाकडी पिंपात सोडले जात. कर्ण्याला तोंडे दोन दिसतात, पण बोलते एकच. दुसरे केवळ तोल सांभाळण्यासाठी. कपाटातला ॲम्प्लिफायर ४० वॉटचा, व्हॉल्व्हचा. गती दोन: एक संथ, मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्यांची, दुसरी जलद, मिनिटाला साडेतीनशे-चारशे फेऱ्यांची. हलका कर्णा चटकन वेग घेई, जड पिंप मागाहून रेंगाळत येई. एका गतीतून दुसऱ्या गतीत जाताना जो क्षणभर हेलकावा निर्माण होतो, त्यातच या यंत्राची खरी मोहिनी आहे.

लेस्लीने ते हॅमंडला दाखविले. हॅमंडने नकार दिला. ज्या वाद्याचे दैन्य दूर करण्यासाठी हे कपाट जन्मले, त्या वाद्याच्या जनकालाच ते नकोसे वाटले. त्याच्या कंपनीचे स्वतःचे स्पीकर होतेच. लेस्लीचे कपाट तिच्या विक्रेत्यांनी ठेवू नये असाच तिचा रोख राहिला. लेस्लीने मग स्वतःचा कारखाना काढला. वादकांनी निकाल लावून टाकला. अमेरिकेतील निग्रो समाजाच्या चर्चमधून आणि जॅझच्या बैठकींतून हॅमंडचा ऑर्गन आणि लेस्लीचे कपाट ही जोडी रूढ झाली. १९५६ साली जिमी स्मिथ या वादकाची पहिली तबकडी निघाली, आणि या वाद्याला चर्चमधल्या ऑर्गनशी तुलना करण्याची गरज उरली नाही. ते स्वतःच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

आता गिटार या कपाटापाशी कशी आली ते पाहू. १९६५ च्या सप्टेंबरात शिकागो येथे ज्युनिअर वेल्स या ब्लूज गायकाच्या ‘हूडू मॅन ब्लूज’ या तबकडीचे ध्वनिमुद्रण चालले होते. साथीला गिटारवर बडी गाय होता. (आपल्या गायीशी या आडनावाचा संबंध नाही, इंग्रजीत त्याचा अर्थ ‘गडी’.) मध्येच त्याचा ॲम्प्लिफायर बंद पडला. तो दुरुस्त होईपर्यंत सर्वांनी हातावर हात ठेवून बसावे, हे ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाला पटेना. स्टुडिओत हॅमंड ऑर्गन होता, त्याचे लेस्ली कपाट होते. त्याने गिटारची तार त्या कपाटाला जोडून दिली. काही गाणी तशीच मुद्रित झाली. पाण्याखालून यावा तसा डुलणारा, ओलसर स्वर त्या तबकडीवर आजही ऐकू येतो. मौजेची गोष्ट अशी की कराराच्या अडचणीच्या भीतीने बडी गायचे नावही तबकडीवर छापले गेले नाही. त्याऐवजी ‘फ्रेंडली चॅप’, म्हणजे ‘मनमिळाऊ गडी’, असे छापले. उसन्या कपाटातून, उसन्या नावाने तो स्वर लोकांपुढे आला.

पुढच्या वर्षी, १९६६ च्या एप्रिलात, लंडनच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्स मंडळी ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या गीताचे मुद्रण करीत होती. आपला आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा लागावा, अशी इच्छा जॉन लेननने व्यक्त केली. वीस वर्षांच्या जेफ एमरिक या तंत्रज्ञाला ऑर्गनचे लेस्ली कपाट आठवले. त्याच्या आतील जोडणी उकलून लेननचा कंठस्वर त्यातून फिरविण्यात आला. एकदा मनुष्याचा आवाज त्यातून जाऊ शकतो हे कळल्यावर काही वर्ज्य राहिले नाही. १९६८ साली मुद्रित झालेल्या ‘बॅज’ या गीतात एरिक क्लॅप्टनची गिटार या कपाटातून वाजते. त्या गीतात जॉर्ज हॅरिसननेही गिटार वाजविली. त्याचेही नाव करारापायी टोपण छापले गेले. हॅरिसनच्या स्वतःच्या वादनात हे कपाट पुढे वारंवार आले. १९७० सालच्या ‘लेट इट बी’च्या एकेरी तबकडीवरील त्याचा गिटारचा तुकडा याचे उत्तम उदाहरण होय. १९७१ साली पिंक फ्लॉइडच्या ‘एकोज’ या दीर्घ रचनेच्या प्रारंभी थेंब पडल्यासारखा जो स्वर ऐकू येतो, तो पियानोचा, याच कपाटातून आलेला.

हे सारे लिहावयास सोपे, करावयास तितके सोपे नव्हते. ऑर्गनमधून येणारा प्रवाह बळकट, गिटारचा दुबळा. गिटारची तार कपाटात सरळ खोवली तर काहीच साधत नाही; मधे प्रवाहाला बळ देणारे निराळे साधन लागते. पुढे लेस्लीच्या कंपनीनेच इतर वाद्यांसाठी तसे साधन बाजारात आणले. शिवाय गती बदलण्याचा हुकूमही त्याच जाड केबलमधून जातो, आणि १२२ व १४७ या दोन नमुन्यांत त्याची पद्धत निराळी. दोहोंचा सहा खुंट्यांचा प्लग दिसावयास सारखा. आतील जोडणी भिन्न. एकाची केबल दुसऱ्याला लावली तर यंत्राची हानी होते. व्हॉल्व्हच्या कोणत्याही जुन्या ॲम्प्लिफायरमधील कंडेन्सर वीज काढून घेतल्यावरही धक्का देऊ शकतात. तेव्हा असे कपाट हाती लागले तर ते उघडण्याचे काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे, हे सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

वादकालाही आपली चाल बदलावी लागते. ऑर्गनचा स्वर पट्टी दाबलेली असेतो अखंड राहतो. गिटारचा स्वर छेडल्या क्षणापासून विझू लागतो. कर्ण्याची एक संथ फेरी पुरी होण्यास सेकंदाहून अधिक अवधी लागतो. घाईने तानांमागून ताना घेणाऱ्याला त्या फेरीचा काहीच लाभ नाही. स्वरसमूह छेडून त्याला घुमू देणाऱ्यालाच तो मिळतो. ‘बॅज’मध्ये काय किंवा हॅरिसनच्या वादनात काय, हे कपाट आले की स्वर थोडे आणि विश्रांती अधिक होते. परक्या घरच्या दूताने गिटारला धीर धरावयास शिकविले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

मागणी दिसली की व्यापारी जागा होतो. १९६५ साली अमेरिकेच्या सीबीएस कंपनीने गिटारसाठी विख्यात असलेली फेंडर कंपनी घेतली, आणि त्याच वर्षी लेस्लीनेही आपला कारखाना तिलाच विकला. दोन्ही घरे एका छपराखाली आल्यावर १९६७ साली ‘फेंडर व्हायब्राटोन’ हे खास गिटारवाल्यांसाठी केलेले फिरते कपाट निघाले: एक दहा इंची स्पीकर आणि त्यापुढे फिरणारे थर्मोकोलचे पिंप. त्यात ॲम्प्लिफायर नव्हता; वादकाने आपला जोडावयाचा. टेक्ससच्या स्टीव्ही रे वॉनच्या १९८४ सालच्या ‘कोल्ड शॉट’मध्ये त्याचा स्वर ऐकावा. जपानमध्ये त्याआधीच ‘युनि-व्हाइब’ नावाचे लहानसे यंत्र निघाले होते. एका लुकलुकत्या दिव्याने आणि चार प्रकाशसंवेदी घटकांनी तसाच डुलता परिणाम साधण्याचा त्याचा यत्न. १९६९ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या उत्सवात जिमी हेंड्रिक्सने ते वापरले. आज पायाखालच्या वितीएवढ्या डबीत गणकयंत्राने फिरत्या कर्ण्याचा आभास निर्माण केला जातो. खुद्द लेस्ली हे नाव १९८० साली हॅमंड कंपनीनेच विकत घेतले. एकेकाळी दारावरून परत पाठविलेला पाहुणा पैसे मोजून घरात आणावा लागला! १९९२ पासून ते नाव जपानच्या सुझुकी कंपनीकडे आहे.

येथे कोणी म्हणेल, की ऑर्गनच्या वस्तूत गिटार घुसविणे हा वस्तूचा गैरवापर नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. गैरवापर तो, ज्यात वस्तूचा गुण वाया जातो. येथे गुण वाया गेला नाही, उलट उघड झाला. स्वर हलविणे हा त्या कपाटाचा गुण. तो केवळ ऑर्गनच्या सेवेला बांधलेला होता, इतकेच. आपल्या मुंबईतही असा दाखला घडला आहे. फ्रान्समधील कॉन्स्टन्ट मार्टिन याने १९४७ साली क्लॅव्हिओलिन हे पट्ट्यांचे विद्युत्‌वाद्य केले. पियानोला जोडून त्यातून निरनिराळ्या युरोपीय वाद्यांचे नाद काढावेत हा त्याचा हेतू. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांची निराळी पेटी त्याच्यासोबत येई. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटात हेमंतकुमारांच्या दिग्दर्शनाखाली कल्याणजी वीरजी शहा यांनी त्यातून गारुड्याची पुंगी काढली, आणि देशभर लोक तिच्यावर डोलले. मार्टिनच्या स्वप्नात गारुडी खचितच नसावा. परंतु कल्याणजींचा कान त्या यंत्रात पुंगी ऐकू शकला, तसाच शिकागोच्या तंत्रज्ञाचा कान त्या कपाटात गिटार ऐकू शकला.

या कथेतील प्रत्येक पायरीवर नक्कल आहे, आणि प्रत्येक पायरीवर ती थोडी फसली आहे. हॅमंडला नळ्यांचा ऑर्गन हवा होता; तो मिळाला नाही. लेस्लीला हॅमंडच्या पोटातून तोच ऑर्गन काढावयाचा होता. तोही निघाला नाही. लेननला डोंगरावरचे मंत्र हवे होते. ते काही साक्षात उतरले नाहीत. पण जे उतरले ते कोणाचीही नक्कल राहिले नाही. आपल्याकडे यंत्राच्या आणि परकीय वाद्याच्या नावाने ‘नक्कल’ हा शब्द फार सहज उच्चारला जातो, आणि उच्चारला की विचार थांबतो. नकलेची परीक्षा ती मुळाशी किती जुळली यावरून करू नये. जेथे ती जुळली नाही, तेथे कोणाला काही नवीन ऐकू आले काय, हे पाहावे.

डोनाल्ड लेस्ली २००४ साली, वयाच्या ९३ व्या वर्षी वारला. त्याची जुनी कपाटे अद्याप वापरात आहेत. मोटरीला तेल घालून आणि व्हॉल्व्ह बदलून त्यांना चालते ठेवणारे कारागीरही आहेत. आपल्या गावोगावच्या नाट्यगृहांच्या अडगळीत, शाळांच्या माळ्यावर, जुन्या नाटकमंडळींच्या वारसांच्या घरी जे ऑर्गन, ज्या पेट्या आणि जे ॲम्प्लिफायर धूळ खात पडले असतील, त्यांचा मोडीच्या भावाने निकाल लावण्यापूर्वी एखाद्या जाणत्या माणसाला ते दाखवावेत, आणि मग एखाद्या तरुण वादकाला त्यांच्यापुढे बसवावे. ते वाद्य कशासाठी बनले होते हे त्याला ठाऊक नसले तरी चालेल. त्याचा कान जागा असला पाहिजे.